पालकांची फेरी

आमच्या दुखण्यात हाडांबरोबर कानही लवकर म्हातारे होतात. माझा डावा कान गेल्यातच जमा आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे. वयानं मी काही म्हातारी नाही, पण ठिसूळ हाडांच्या माणसाचं वय जन्मतारखेवरून काढायचं नसतं. कानाला यंत्र लावलंय. त्यातून कढईतल्या तेलाचा चुरचुराट आणि माणसांच्या टाळ्या सारख्याच ऐकू येतात. तेव्हा भाजे गावच्या घरातले जे आवाज डोक्यात अजून शाबूत आहेत, ते उतरवून ठेवायला बसले आहे. कुणाला धीर यावा, कुणी काही शिकावं, असला उदात्त हेतू माझ्याकडे नाही. मला राग आहे, आणि तो नीट सांगायचा आहे, एवढंच.

आमचं घर लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेला लागून. पुढच्या पडवीला आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्याचं शेड काढून हॉटेल टाकलं होतं. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक कढई, चहाचं पातेलं आणि ‘पिठलं-भाकरी मिळेल’ अशी पाटी. आठवडाभर आण्णा आणि आई भातखाचरात राबायचे, आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं लेणी आणि लोहगड बघायला आली की त्यांच्या पुढ्यात भजी तळायचे. मळवली स्टेशनात गाडी थांबल्याचा आवाज आमच्याकडे यायचा आणि तो आला की काकी पीठ मळायला घ्यायची. काकी म्हणजे माझी चुलती. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि तिचं बोलणं दोन्ही एकाच ठेक्यात चालायचं आणि दोन्हींत दुसऱ्याला फटके असायचे. माझी बाज शेडच्या कोपऱ्यात मांडलेली असायची, कारण घरात उजेड नव्हता आणि फोनला रेंजही नव्हती. गिऱ्हाईक भजी खाता खाता माझ्याकडे बघायचं. माझे आखूड, धनुष्यासारखे वाकलेले पाय, मोठं डोकं, डोळ्यांतला निळसर पांढरा भाग. कुणीतरी विचारायचंच, हिला काय झालंय? काकी खुशीत सांगायची, “काचंची हाय. हात लावू नगा, फुटंल.” मग पोरांना पुढे ओढून दाखवायचे, बघ, काचेची मुलगी. एक बाई तर माझ्या बाजेच्या टोकाला केळं ठेवून दोन पावलं मागे सरकली, माकडापुढं ठेवतात तसं. घरात माझं नाव वैशाली, पण काकीनं ‘बरणी’ पाडलं होतं आणि तेच रुळलं. कुठे काही मोडलं की ती आतून ओरडायची, “फुटली का गं बरणी?”

मोडायचं नेहमीचंच. जन्मले तीच मांडी मोडून. आईनं मला दवाखान्यात नेलं तेव्हा मी काही महिन्यांची होते आणि माझे दोन्ही हात मोडलेले होते, एक नवा आणि एक जुना जुळत आलेला. डॉक्टरनं हाडांचा फोटो बघितला आणि आईला विचारलं, मारतेस का पोरीला? तिला काही बोलताच आलं नाही, तर त्यानं पोलिसाला बोलावलं. सासरच्या माणसांसमोर, बाकड्यावर बसवून, पोलिसानं तिला विचारलं, मुलगी नको होती का? पुढे कुठल्याशा मोठ्या डॉक्टरनं दुखण्याचं खरं नाव सांगितलं आणि तो विषय सरकारदरबारी मिटला. घरात मिटला नाही. काकी भांडणात हमखास तिथं यायची. “आमाला नगं शिकवू, पोराची हाडं मोडनारी तू.” आई उलटून बोलायची नाही. ती दात आवळून मला उचलायला यायची. मला उचलायचं काम फक्त तिचं. एक तळवा कुल्ल्यांखाली, एक मानेखाली, आणि माझं सगळं वजन तिच्या छातीवर. आण्णांनासुद्धा ती हात लावू द्यायची नाही. अंघोळ, कपडे, वेणी, परसाकडे नेणं, सगळं तिचंच. अख्ख्या घरात तिला मान असा त्या एकाच कामात होता. ते करताना ती मला शिव्या द्यायची. मेली असतीस तर सुटले असते, हे मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते मला अंगाईसारखं पाठ आहे. आणि शिव्या देताना तिचा हात कधीही चुकायचा नाही.

मग गावात बरी रेंज आली आणि फोनमधून मृणाल मॅडम आल्या. त्या पुण्यात बसायच्या आणि आमच्यासारख्या पोरांचा व्यायाम फोनवरून घ्यायच्या. कुणी साताऱ्याकडचं, कुणी नगरकडचं, लोणावळ्याचा एक निनाद म्हणून मुलगा होता. पडद्यावर आम्ही सगळे चौकोनांत बसलेले. मॅडमनी पहिला तास मुलांचा घेतलाच नाही, पालकांचा घेतला. त्यात त्या म्हणाल्या, “आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. या मुलांची हाडं नुसत्या कूस बदलण्यानंही मोडतात. ती कुणी मोडत नाही. मी इतकी वर्षं आयांची बाजू मांडण्यात घालवली आहेत. आईवर संशय घेणारा माणूस माझ्यासमोर आला तर मी त्याला उभं करणार नाही.” आई फोन धरून उभी होती. तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवला, पदर तोंडात कोंबला आणि शेडच्या मागे जाऊन रडली. गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी विचारलं, मावशी, काय झालं? ती म्हणाली, “काय न्हाई, कांदा.”

त्या दिवसापासून आई मॅडमची झाली. मॅडम तिला सांगायच्या, “मला वैशालीला हात लावता येत नाही, तेव्हा तुमचे हात हेच माझे हात.” आणि खरंच तसं चालायचं. फोन धरणारी आई, माझा खांदा कुठपर्यंत उचलला जातो ते वितीनं मोजणारी आई, दुखलं की माझ्या आधी सांगणारी आई. सायकलची जुनी ट्यूब कापून तिनं ओढायला पट्टा केला, पाण्याच्या बाटलीत वाळू भरून वजन केलं. मॅडमनी माझ्या हातापायांचे फोटो मागवून घेतले आणि प्रत्येकावर लाल गोल काढून परत पाठवले. “आई, हा डाव्या हाताचा बघा. कोपराच्या खाली हाड वाकलंय ना, तिथं ते सगळ्यात पातळ आहे. तेल लावताना, कपडे घालताना इथं अंगठ्याचा जोर कधी द्यायचा नाही.” आईनं माझ्या हातावर अंगठा फिरवत तो गोल शोधून काढला. “हितं का मॅडम?” “बरोबर तिथंच. बघा, तुम्हाला डॉक्टरांपेक्षा लवकर सापडलं.” आई लाजली. तिला कुणी शाबासकी दिलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

आज मी तळेगावात एका खोलीत राहते आणि पडद्याच्या त्या बाजूला बसते. ठिसूळ हाडांच्या पोरांचे तास घेते. पालकांच्या पहिल्या तासाला मॅडमचं तेच वाक्य मलाही बोलावं लागतं, हाडं कुणी मोडत नाही, आईवर संशय घेऊ नका. ते खरं आहे. शंभर घरांत ते खरं असतं, आणि दुसरं काही बोललं तर किती आयांना बाकड्यावर बसवतील ते मला माहीत आहे. तरी ते बोलताना माझी जीभ जड होते.

हातांनी जरा बळ धरलं तेव्हा मॅडमनी साळगावकर सरांची गाठ घालून दिली. सर नौदलातून निवृत्त होऊन लोणावळ्यात राहत होते आणि पवना धरणावर शिबिर भरवून अपंग मुलांना शिडाची होडी शिकवायचे. शिडाची होडी म्हटल्यावर मला वाटलं मोठं गलबत असेल. निघाली गुरांच्या पाण्याच्या हौदाएवढी. दोन खोलगट खुर्च्या, पायांना काही काम नाही, उजव्या हाताला सुकाणूची दांडी, डाव्या हाताला शिडाची दोरी. सर म्हणाले, “हिच्या पोटाखाली शिसं ओतलंय. तू उलटवायची ठरवलीस तरी ही ऐकणार नाही.” मला बसवायला अर्थातच आई आली, पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून, दात कडकडा वाजवत. आईचं माहेर त्याच धरणाच्या काठचं. तिच्या बापाची जमीन पाण्याखाली गेलेली. तिनं ती कधी बघितलीही नव्हती, पण तिची आई पाण्याकडे पाठ करून जेवायची, हे बघत ती वाढली होती. त्यात दर वर्षी फिरायला आलेलं कुणीतरी पोर तिथं बुडायचं आणि ती बातमी भज्यांच्या कढईवर चवीनं चघळली जायची. पाणी म्हणजे खाणारं, एवढंच तिला ठाऊक.

दुपारी तुंग किल्ल्याच्या बाजूनं वारा सुटला. सर म्हणाले, ओढ. मी दोरी ओढली, फडफडणारं शीड एकदम गप्प झालं, ताणलं, आणि होडी निघाली. तोवर मला कुणीतरी ठेवायचं तिथं मी असायचे. बाजेवर ठेवलं तर बाजेवर, उन्हात ठेवलं तर उन्हात, आणि उचलायला विसरले तर तिथंच. त्या दुपारी मी दांडी तिकोना गडाकडे वळवली तर तिकोना समोर आला, परत वळवली तर काठावरची माणसं समोर आली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं शिवी दिली, काकीची खास शिवी, आणि सर हसून हसून लाल झाले. “नौदलात चालेल,” म्हणाले. काही आठवड्यांत माझ्या मागच्या खुर्चीत सरांच्या ऐवजी वाळूचं पोतं बसायला लागलं. मी चांगली होते. हे मी नम्रपणे सांगणार नाही. निनाद सोडला तर माझ्या जवळपास कुणी नव्हतं, आणि निनादला वाऱ्याआधी दोरी सोडायची घाई असायची, मला नव्हती.

थंडीत कळलं की आमच्यातून एकाची निवड होणार आहे. कोकणात समुद्रावर आमच्यासारख्यांना शर्यतींसाठी तयार करायचं केंद्र होतं. राहायची सोय, नर्स, व्यायाम, सगळं तिथंच. जागा एक. धरणावर शर्यत लावायची आणि जो जिंकेल त्याला न्यायचं, असं ठरलं. निवड करणारी माणसं मुंबईहून एका दिवसापुरती येणार होती. मला ती जागा हवी होती. कधीही काहीही मला इतकं हवंसं वाटलं नव्हतं, पुढेही वाटलं नाही. समुद्र मी बघितला नव्हता. मला तो बाजेपासून लांब आहे एवढं पुरेसं होतं.

आण्णा म्हणाले, जाऊ दे तिला. काकी म्हणाली, “जाऊ द्या, तेवडीच जागा व्हईल शेडात.” आई काही दिवसांनी एकदम सुरू झाली. इंद्रायणीचा मऊ भात आणि त्यावर कढत आमटी कालवून घास करता करता बोलायची.

“तितं असा भात मिळंल का?”

“मिळंल की.”

“तुला कोन उचलनार तितं? नर्स? तिला ठावं हाय का, तुजा कंचा खांदा दुकतो?”

“मॅडमनी शिकवलंय मला. मी माजी मी सरकते आता. बाजेवरनं खुर्चीत मी माजी जाते. बगतीस ना तू?”

ती घास हातात धरून बघत राहिली. ते तिनं बघितलं होतंच. फोन धरून, महिनोन्‌महिने, माझा एकेक व्यायाम तिनंच पूर्ण करून घेतला होता. मग ती म्हणाली, “आन्‌ मी काय करू हितं दिसभर?” मी म्हणाले, “भजी तळ.” मला ते फार छान उत्तर वाटलं होतं. घास तिनं ताटात परत ठेवला आणि उठून गेली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी हॉटेल रिकामं होतं. आण्णा खाचरात वाल बघायला गेले होते, काकी आत लवंडली होती. आईनं खोबरेल तेल कोमट केलं आणि माझे हात चोळायला बसली. उद्या लय जोर लागंल, मोकळं करते, म्हणाली. उजवा हात झाला. डावा घेतला. खांद्यापासून खाली येत येत तिचा अंगठा कोपराच्या खाली आला आणि थांबला. मला वाटलं ती विसरली.

“आई, तितं नगं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि बघत बघत दाबलं.

वाळलेली वालाची शेंग मोडावी तेवढाच आवाज. तो मला अनोळखी नव्हता. ओरडायला मला जरा वेळ लागला, कारण दुखण्याच्या आधी मला कळलं होतं. आईनं मला ओरडू दिलं. मग तिनं उशाखालून पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या. जुन्या लुगड्याची चिंधीही होती, घड्या घालून. पट्ट्या माझ्या हाताच्या मापाच्या कापून तयार होत्या. माझी हाडं बांधण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. ती भराभर, न दुखवता बांधत गेली आणि माझे दात वाजत राहिले.

“का?” मी म्हणाले. “का गं? का?”

“हाड मोडलं तर जुळंल,” ती म्हणाली. “आजवर काय कमी जुळली? पान्यात गेलीस तर काय जुळवू मी, सांग? कुटनं जुळवू?”

“होडी उलटत न्हाई ती!”

“समद्या उलटत्यात.” तिनं गाठ मारली. “महिनाभर दुकंल. शिव्या दे मला पायजे तेवड्या.” आणि तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवायला लागली. मला तो हात झटकायचा होता. झटकायला हात नव्हता, एक बांधलेला आणि दुसरा तिनं धरलेला. काकी उठून बाहेर आली, बघितलं, म्हणाली, “फुटली का?” आणि चहा टाकायला गेली.

पाचला मॅडमचा फोन यायचाच. आईनं तो नेहमीसारखा माझ्यासमोर धरला. पडद्यावर मॅडम, आणि कोपऱ्यातल्या लहान चौकोनात मी, रडून सुजलेली, छातीशी बांधलेला हात घेऊन. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. “अरे देवा. आजच? वैशाली, कसं झालं?”

मी म्हणाले, “आईनं मोडला.”

फोन जरासुद्धा हलला नाही.  मॅडमचा आवाज आला तो फार मऊ होता. “वैशाली, मला कळतंय. उद्याची संधी गेली, आणि राग कुणावर तरी काढावासा वाटतो. जवळच्या माणसावरच निघतो. पण असं बोलायचं नाही, बाळा. या एका वाक्यापायी आईनं काय काय सोसलंय ते तुला माहीत आहे ना?”

“मॅडम, मी खरं सांगतेय. तिनं मुद्दाम दाबलं. तुम्ही लाल गोल काढला होता ना, तिथंच.”

“वैशाली, पुरे.”

तेव्हा माझ्या डोक्यावरून आईचा आवाज आला. “मॅडम, ती खोटं न्हाई बोलत. मीच दाबलं. तुमी दावलेलं तितंच.”

मला वाटलं, आता. आता मॅडम ओरडतील, सरांना फोन करतील, पोलीस येतील, काहीतरी होईल. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई,” त्या म्हणाल्या, “तेल लावताना झालं ना? मला माहीत होतं तुम्ही स्वतःलाच दोष देणार. सगळ्या आया देतात. मी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं? हाड आपलं आपण मोडतं. तुमचा हात तिथं होता, एवढंच. तुमच्यासारखी आई मी बघितली नाही.”

“न्हाई वो मॅडम—”

“काही बोलू नका. आधी जेवा काहीतरी. वैशाली, आईला सॉरी म्हण.”

मी म्हणाले. फोन बंद व्हावा म्हणून म्हणाले. आई फोन धरून तशीच उभी होती. मॅडम गेल्या तरी काळ्या पडद्याकडे बघत. माझ्या लहानपणी हात न लावता तिला चोर ठरवलं होतं, आणि आज ती स्वतः कबूल करत होती तर कुणी ऐकायला तयार नव्हतं. त्या वेळी मला तिची दया आली असेल असं कुणाला वाटेल. नाही आली. मला वाटलं, बरं झालं, कुजू दे तुझ्या पोटात.

संध्याकाळी आण्णांनी कामशेतच्या दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणलं. दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरला की मला धरणावर न्या. बघायला तर न्या. आण्णांनी जीपमध्ये गादी टाकून नेलं. आई सोबत आली, कारण मला उतरवणार कोण? शर्यत झाली. वारा त्या दिवशी असा सुटला होता की तो मी स्वतः मागून घेतला असता तरी तसा मिळाला नसता. एकसारखा, तुंगाकडून, न फसवणारा. निनादनं वळणावर दोरी घाईनं सोडली, तरी जिंकला. मुंबईच्या माणसांनी त्याच्याशी हात न मिळवता, जपून, नमस्कार केला. तो चाकांच्या खुर्चीवरून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “तू असतीस तर मी हरलो असतो.” चांगल्या मनानं म्हणाला. त्याला लोणावळ्याची चिक्की मिळाली होती, त्यातली अर्धी मला दिली. मी ती खाल्ली.

मग पालकांची फेरी निघाली. सरांचा हा नेम होता. शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक आईला नाहीतर बापाला होडीत बसवून धरणातून फिरवून आणायचं. पाण्याची भीती पोरांना नसते, आईबापांना असते, म्हणायचे. पुढे पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारलं, ही फेरी तुम्ही पहिल्या दिवशी का नव्हता ठेवत? ते म्हणाले, अगं, पहिल्या दिवशी कुणी बसायलाच तयार होत नाही.

“वैशालीची आई, या,” सरांनी हाक मारली. “तिचीच होडी काढलीय तुमच्यासाठी.”

आई मागे सरकली. “नगं नगं. आमी काय, आमाला कशाला.”

“बस की,” मी म्हणाले. “घाबरतीस कशाला? तुजी हाडं तर धड हायेत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, चप्पल काढून माझ्या खुर्चीशेजारी ठेवली आणि पाण्यात शिरली. सरांनी तिला पुढच्या खुर्चीत, माझ्या जागेवर बसवलं. तिनं दोन्ही कडा अशा धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली. मी काठावरून बघत होते आणि, खरं सांगते, मला वाटत होतं की उलटावी. शिसं बिसं गेलं खड्ड्यात, उलटावी आणि तिला पाणी प्यायला लागावं. होडी काठापासून सुटली. शीड फडफडलं. सर काहीतरी म्हणाले, आणि मला दिसलं की आईनं डावा हात कडेवरून काढला आणि दोरी धरली. ओढली. शीड गप्प झालं. लांबून ती एवढीशी दिसायला लागली, नंतर नुसतं शीड.

ती परत आली तेव्हा तिचा अंबाडा सुटला होता, लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं आणि ती हसत होती. तोंड उघडून, सगळे दात दाखवत. मी जन्मल्यापासून तिला तसं हसताना बघितलं नव्हतं, आणि तिलाही आपण हसतोय हे माहीत नसावं. धावत आली, वाळूत माझ्यापुढं बसली.

“वैशे, लय ग्वाड वाटतं गं! वारं भरलं की उचलल्यागत हुतंय. मला कुनी असं उचललंच न्हाई कदी. सर म्हनले, दोरी घ्या, तर मी घेतली, आन्‌ ती वडती गं, जित्ती असल्यागत वडती—”

बोलता बोलता तिची नजर माझ्या प्लास्टरवर गेली. हसू एकदम नाही गेलं. ते ओठांवर तसंच राहिलं आणि वरचा चेहरा बदलला.

“मला काय ठावं,” ती म्हणाली. “मला काय ठावं गं, असं असतंय.”

 मला बोलायचं होतं, पण जे बोलायचं होतं ते काकीच्या शिव्यांतही बसत नव्हतं. हाड जुळलं, जरा वाकडं जुळलं. जागा निनादला मिळाली ती मिळाली. आई अजून भाज्यात हॉटेल चालवते आणि फोनवर माझी चौकशी करते, जेवलीस का, दुखत नाही ना, आणि मी उत्तरं देते.

त्या दिवशी मला गादीवर निजवून जीप निघाली.  थोडं अंतर गेल्यावर आईला राहवलं नाही. पुढे बसलेल्या आण्णांना ती हळूहळू सांगायला लागली, वारा कुठून येतो, शीड फडफडलं की दोरी थोडी ओढायची, फार ओढली की होडी कलते पण उलटत नाही, तळाला शिसं असतं, वळताना घाई करायची नाही, वाऱ्याची वाट बघायची. आण्णा हं हं करत होते. मी प्लास्टर पोटावर घेऊन पडले होते आणि तिची एक तरी चूक सापडते का ते ऐकत होते. दुधिवरेची खिंड मागे पडली तरी ती बोलत होती. तिचं सगळं बरोबर होतं.